नाव सांगून आत यावे

सृष्टी : परत तेच, सर. 'घोटी' लिहिलं तर मावशी म्हणते, जी, एच, सहा, टी, पाच. माझ्या गावाचं नाव आहे की टेम्पोची नंबरप्लेट?

सर : स्क्रीन रीडरला अजून मावशीच म्हणतेस का गं? शाळा सुटून किती वर्षं झाली.

सृष्टी : तुम्हीच लावलेली सवय. 'आपल्याला जे दिसत नाही ते मावशी वाचून दाखवेल.' आता मावशीच चळलीय. आणि चारला माझी टेस्ट आहे, सर. हेल्पलाइनची नोकरी. फोनवर ऐकायचं आणि ऐकता ऐकता टाइप करायचं. याआधी दोनदा हुकली. आज हुकली तर परत बोलावणार नाहीत, तसं स्पष्ट कळवलंय त्यांनी.

सर : चारला ना? मग आहे वेळ. घाबरायचं नाही आणि बोटं आपटायची नाहीत. फोन स्पीकरवर आहे?

सृष्टी : हो. टेबलावर, लॅपटॉपशेजारी.

सर : छान. मी सांगेन ती एकच कळ दाब. 'जे'.

सृष्टी : एक.

सर : 'के'?

सृष्टी : दोन. 'एल' दाबला तर तीन. उजव्या हाताला भूत लागलंय, डावा शहाणा आहे.

सर : भूतबीत काही नाही. तुझा लॅपटॉप लहान चणीचा. आकड्यांना वेगळी जागा नाही त्याच्यात. म्हणून उजव्या हाताच्या अक्षरांच्या पोटात आकडे ठेवलेत. नम लॉक चालू झालं की अक्षरं झोपतात आणि आकडे उठतात. आता खालच्या ओळीत डावीकडे एफएनची कळ सापडेल.

सृष्टी : सापडली.

सर : ती धरून ठेव आणि वरच्या ओळीत उजव्या टोकाकडून मोजत ये. एकेक दाबून बघ, मावशी सांगेल.

सृष्टी : ही नाही... ही पण नाही... हां! 'नम लॉक ऑफ.' सर, तुम्ही देव आहात.

सर : देवाला कोण विचारतं एवढ्या लहान कामासाठी! लिही आता.

सृष्टी : लिहिते. जी... सर, उमटतच नाहीये. पटपट दाबलं की गप्प. एकेक कळ दाबून धरली की मग सावकाश बोलते. वर्गात उशिरा उठलेल्या मुलासारखी.

सर : अस्सं. उजव्या शिफ्टवर हात टेकवून बसली होतीस का?

सृष्टी : मी? कधीच नाही. तुम्ही मनगटाखाली पट्टी धरायचात, तेव्हापासून माझा हात अधांतरीच असतो.

सर : उजवी शिफ्ट बराच वेळ दाबून धरली की लॅपटॉपला वाटतं, या माणसाचा हात थरथरतो. मग घाईत दाबलेल्या कळा तो मोजतच नाही. थरथरणाऱ्या हातांसाठी केलेली सोय आहे ती. तुझ्या वर्गातली तबस्सुम आठवते? शिफ्टवर कोपर ठेवून झोपायची आणि उठून म्हणायची, सर, कीबोर्ड मेला.

सृष्टी : आणि तुम्ही म्हणायचात, कीबोर्ड जागा आहे, तू झोपली होतीस.

सर : तीच शिफ्ट आता दाबून धर. मनात सावकाश दहा म्हण.

सृष्टी : ... टूं वाजलं.

सर : झालं. लिही.

सृष्टी : जी, एच, ओ, टी, आय. घोटी! सर, घोटी आली!

सर : आली ना गाडी स्टेशनात? आता मावशीची किल्ली तपासू. इन्सर्ट धरून टी दाब. कुठली खिडकी उघडी आहे ते वाचेल.

सृष्टी : गप्प आहे.

सर : परत.

सृष्टी : इन्सर्ट आणि टी. नुसता टी उमटला. सर, इन्सर्ट मेली वाटतं. आता काय करू? मावशीची सगळी कामं इन्सर्टवरच आहेत माझी.

सर : कॅप्स लॉक धर आणि टी दाब.

सृष्टी : 'अनटायटल्ड, नोटपॅड.' अरेच्चा, वाचलं!

सर : ...

सृष्टी : सर? आवाज येतोय ना?

सर : येतोय, बेटा. विचार करत होतो.

सृष्टी : कसला?

सर : नम लॉक चुकून दाबलं जातं. शिफ्टवर हात राहू शकतो. पण मावशीची किल्ली इन्सर्टवरून कॅप्स लॉकवर नेणं चुकून होत नाही. त्यासाठी मेनू उघडायचा, सेटिंगमध्ये जायचं, कीबोर्डचं पान काढायचं, इन्सर्टवरची खूण पुसायची, कॅप्स लॉकवर करायची आणि मग ओके म्हणायचं. हे कोणीतरी बसून केलंय. ज्याला आपली पद्धत येते अशा कोणीतरी.

सृष्टी : ललितने परवा लॅपटॉप साफ केला होता. ब्रशने सगळ्या कळा झाडल्या. मी म्हटलं, राहू दे रे. तर म्हणाला, तुझे डोळे आहेत हे, स्वच्छ नकोत?

सर : ब्रशने सेटिंग बदलत नाही, सृष्टी.

सृष्टी : मग अपडेट आला असेल. ललित असं कशाला करेल? त्याला किती कौतुक आहे. आमच्या लग्नाआधी तुमच्या व्हरांड्यात येऊन शिकला की नाही सगळं? दर रविवारी सातपूरहून जेलरोडला. पोराटोरांच्या रांगेत मांडी घालून, डोळ्यांना रुमाल बांधून.

सर : आठवतंय. असा डोळस विद्यार्थी मला पहिल्यांदाच मिळाला होता.

सृष्टी : आणि पहिल्याच दिवशी फजिती. आपला नियम माहीत नव्हता त्याला. खोलीत शिरलं की आधी नाव सांगायचं. हा आपला गुपचूप येऊन उभा राहिला. आणि चिमुरडी जिया ओरडली...

सर : 'कोणीतरी आलंय, नाव सांगत नाही!'

सृष्टी : आणि सगळा वर्ग एका सुरात, 'मग दाराबाहेरच राहा!' बिचारा लाजेनं लाल झाला असेल. जियाने नंतर त्याला कसं ओळखलं माहीत आहे? बोटं मोडायच्या सवयीवरून. म्हणायची, कडकड काका आले.

सर : हो. घाबरला की बोटं मोडायचा. घरी पाळतो का गं तो नियम? नाव सांगून येतो?

सृष्टी : सुरुवातीला पाळायचा. आता... आता घरच्या माणसाने काय दर वेळी नाव सांगायचं?

सर : शाळेत तू रोज सांगायचीस. मला. मी सुद्धा तुला सांगायचो.

सृष्टी : तसा तो काळजी घेतो, सर. मी चमचा शोधायला लागले की हातात आणून देतो. कधी कधी तर मी शोधायच्या आधीच. कालचीच गोष्ट. मला वाटलं, तो खाली दूध आणायला गेलाय. मी गॅस बंद करायला हात पुढे केला, तर गॅस बंद झालेला होता.

सर : आणि तो?

सृष्टी : थोड्या वेळाने दार वाजलं आणि म्हणाला, दूध आणलं. मला वाटलं, मीच आधी बंद केला असणार गॅस. होतं असं माझं हल्ली. तो पण म्हणतो, तुझं लक्ष नसतं, नोकरीचं खूळ सोड, घरात काय कमी आहे? आईचंही तेच. एवढा गुणी जावई, आणि तू फोन उचलायच्या नोकरीमागे काय लागलीस!

सर : आधीच्या दोन टेस्टच्या वेळी काय झालं होतं?

सृष्टी : पहिल्या वेळी मावशीचा आवाजच गेला. संध्याकाळी ललित आला आणि एका मिनिटात दुरुस्त केलं त्याने. दुसऱ्या वेळी अक्षरं दोन-दोनदा उमटत होती. तेही त्यानेच... सर, तुम्ही असं गप्प होऊ नका ना.

सर : नाही होत. आजच्या टेस्टचं त्याला सांगितलंयस?

सृष्टी : नाही. या वेळी कोणालाच नाही. आईलाही नाही. मेल आला तो मी हेडफोन लावून वाचला, आणि पडदा लावून, म्हणजे स्क्रीन काळी करून. तुम्ही शिकवलंत तसा. स्क्रीनवर काही दिसायला नको, आपण काय वाचतोय ते मागच्या माणसाला कळायला नको. माझा पडदा कायम लावलेला असतो.

सर : पडद्याची कळ दाब बरं. जी लावताना दाबतेस तीच. इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक धर.

सृष्टी : दाबली. मावशी म्हणतेय, 'पडदा सुरू.' सुरू? म्हणजे आत्तापर्यंत बंद होता?

सर : हो, बेटा.

सृष्टी : कधीपासून?

सर : ते मावशीला सांगता येत नाही.

सृष्टी : म्हणजे मी घोटीला आईला लिहिलेलं... मैत्रिणींना लिहिलेलं... सगळं उघड्यावर? तो माझ्या मागे उभा राहून...

सर : आत्ता टेस्ट. बाकीचं नंतर. ललित कुठे आहे?

सृष्टी : दुपारच्या पाळीला गेला. जेवून निघाला. तो गेला आणि मी लगेच तुम्हाला फोन लावला.

सर : आणि शेजारी कोणी आहे?

सृष्टी : समोर नवसाबाई. दिंडोरीकडच्या आहेत. लसूण सोलत बसतात दार उघडं टाकून. मला आवाजावरून कळतं, तरी रोज उंबऱ्यातून ओरडतात, 'मी नवसाबाई हाय गं!' कोणी शिकवलं नाही त्यांना. एकदा वाऱ्याने दार ओढलं गेलं आणि मी बाहेर अडकले होते. तेव्हापासून आमची एक किल्ली त्यांच्या तांदळाच्या डब्यात असते.

सर : ललितला माहीत आहे?

सृष्टी : सांगायचं राहून गेलं.

सर : बरं झालं. चल, सराव. मी बोलतो, तू लिही. 'इगतपुरीहून गाडी वेळेवर सुटली.'

सृष्टी : इगत... सर, पाच म्हणाली. आय दाबला आणि पाच. आकडे परत उठले! तुम्ही बोलत होतात तेव्हा मावशी काहीतरी पुटपुटली. मला वाटलं तुमचं वाक्य संपू दे.

सर : वरच्या ओळीला हात लागला?

सृष्टी : शपथ, नाही लागला.

सर : दोन्ही हात उचल. मांडीवर ठेव.

सृष्टी : ठेवले.

सर : आता मी काही बोलत नाही. तूही बोलू नकोस.

सृष्टी : ...

सर : ...

सृष्टी : सर. ऐकलंत? 'नम लॉक ऑफ.' मग 'ऑन.' आणि आता परत 'ऑफ.' माझे हात मांडीवर आहेत, सर. माझे हात मांडीवर आहेत.

सर : ऐकलं. श्वास घे. शाळेत जिन्यावर घ्यायचीस तसा. आता हात लॅपटॉपच्या कडेला ने. दोन्ही बाजूंनी बोट फिरव, सावकाश. चार्जरची पिन सोडून आणखी काही लागतंय का?

सृष्टी : डावीकडे काही नाही. उजवीकडे... हां, ते. ते माऊसचं आहे. नखाएवढं. मागे एकदा लागलं होतं हाताला, तेव्हा ललित म्हणाला, माऊसचं आहे, राहू दे.

सर : तू माऊस कधीपासून वापरायला लागलीस, बेटा? आपल्यातला कोण माऊस वापरतो? बाण कुठे गेला ते कोणाला दिसणार?

सृष्टी : मला सुचलंच नाही. तो म्हणाला आणि मी... मग काय आहे हे, सर?

सर : बिनतारी कीबोर्डचा तुकडाही असाच असतो. तो लावलेला असला की दुसऱ्या कीबोर्डवर दाबलेली कळ तुझ्या लॅपटॉपवर उमटते.

सृष्टी : किती लांबून? सातपूरहून, त्याच्या कंपनीतून?

सर : नाही.

सृष्टी : मग किती?

सर : एखाद-दुसरी खोली. तो तुकडा ओढून काढ आणि मुठीत धर. आणि तुझा पंखा फार घोंघावतोय, मला ऐकू येत नाही. बंद कर जरा.

सृष्टी : ललितनेच जाताना पाचवर लावून दिला. मला उकडू नये म्हणून... बंद केला.

सर : आता ऐक. मी इथे ऐकतो, तू तिथे ऐक.

सृष्टी : फ्रिज वाजतोय. खाली भंगारवाला ओरडतोय. आणखी काही... सर.

सर : काय?

सृष्टी : आतल्या खोलीत कोणीतरी बोट मोडलं.

सर : स्पीकर बंद कर. फोन कानाला लाव. लावलास?

सृष्टी : हो.

सर : आता तू फक्त हो आणि नाही म्हणायचं. आवाज नेहमीचा ठेवायचा. वर्गात कविता म्हणताना पाय थरथरायचे तुझे, पण आवाज नाही थरथरला कधी. तसाच. तो जेवून निघाला तेव्हा दार वाजलेलं ऐकलंस?

सृष्टी : हो.

सर : जिन्यावरची पावलं ऐकलीस?

सृष्टी : ... नाही. पंखा होता ना, सर.

सर : हं. लॅपटॉप मिट. काखेत घे. मोठ्याने म्हण, सर, इथे रेंज नाही, दारापाशी येऊन बोलते.

सृष्टी : सर, इथे रेंज नाहीये नीट. दारापाशी येऊन बोलते, थांबा हं!

सर : शाबास. भिंतीला हात लावून चल, घाई नको. त्याच्या चपला, बूट दारापाशीच असतात ना?

सृष्टी : हो. इथेच आहे मांडणी.

सर : हात लाव. त्याचे बूट आहेत?

सृष्टी : हो. लोखंडी टोकाचे. कंपनीचे. हे घातल्याशिवाय गेटमधून आत घेत नाहीत, सर.

सर : हो-नाही, बेटा. फक्त हो-नाही. कडी काढ.

सृष्टी : हो.

सर : उघडलं?

सृष्टी : नाही. कुलूप फिरवलंय. किल्ली खिळ्यावर असते. खिळा रिकामा आहे.

सर : बरं. आता हो-नाही पुरे. दार वाजव.

सृष्टी : आतून?

सर : आतून. समोर नवसाबाई लसूण सोलत बसल्यात. जोरात वाजव. त्यांच्या नावाने ओरड. लाजू नकोस.

सृष्टी : नवसाबाई! नवसाबाई! ओ नवसाबाई!

नवसाबाई : (दाराबाहेरून) कोण गं? आतून कोण वाजवतंय? मी नवसाबाई हाय गं, पोरी. दार का लावलंय?

सृष्टी : तांदळाच्या डब्यातली किल्ली आणा! लवकर आणा!

नवसाबाई : आणते, आणते. रडती काय? हात पोळला का काय तुझा?

सर : सृष्टी, पाठ दाराला लाव. घरात काही हललं?

सृष्टी : कळत नाही, सर. माझंच काळीज एवढं वाजतंय की दुसरं ऐकूच येत नाही.

सर : मग विचार. आपल्या वर्गात विचारायचो तसं, मोठ्याने.

सृष्टी : खोलीत कोण आहे? नाव सांग.

सर : ...

सृष्टी : ललित, नाव सांग. तू असशील तर मी ओरडणार नाही. फक्त नाव सांग.

सर : उत्तर?

सृष्टी : नाही. पण त्याच्या साबणाचा वास येतोय. चंदनाचा. मगाशी नव्हता.

नवसाबाई : आणली गं किल्ली. सरक बाजूला. लागली... हां, उघडलं. केवढी घामानं भिजली बाई ही. आगं बया! तो काय, तुझा नवरा घरातच हाय की! आणि तू म्हणली, कामावर गेला.

सृष्टी : कुठे आहे? आतल्या खोलीत?

नवसाबाई : आतल्या कुठं? तुझ्यापुढंच. हात लांबवला तर लागंल तुला.

सर : सृष्टी, बाहेर ये. आत्ता. नवसाबाईंचा हात धर.

सृष्टी : काय करतोय तो, नवसाबाई?

नवसाबाई : काय नाय. अनवाणी उभाय. काखेत ती काळी बटणाची फळी हाय, तुझ्या त्या मशीनला असती तसली. काय रे ललित, बोलत का नाय? बायको भ्यालीय तुझी. आँ? बघ, नुसता हसतोय.

सृष्टी : मला ऐकू नाही येत हसणं.

नवसाबाई : आवाज नाय करत तो. तोंडानं हसतोय नुसता. चल गं, तू चल माझ्याकडं. मला नाय बरं वाटत हे.

सर : नवसाबाई, मी सृष्टीचा मास्तर बोलतोय. फोनवरून ऐकू येतंय का?

नवसाबाई : येतंय, मास्तर. तिनं स्पीकर लावून फोन पुढं धरलाय.

सर : तिला तुमच्या घरात न्या आणि आधी कडी घाला.

नवसाबाई : नेली. घातली बघा कडी, वरची आणि खालची. बस गं इथं, ह्यो पाट घे. टेबलबिबल नाय माझ्याकडं. तांदळाचा डबा उलटा घालू का? त्याच्यावर ठेव तुझं मशीन.

सृष्टी : चालेल. सर, माझे हात थरथरतायत. खरंच थरथरतायत आता. ती शिफ्टची सोय परत चालू करू का?

सर : विनोद करतेस म्हणजे जमेल तुला. तुकडा मुठीत आहे अजून?

सृष्टी : आहे. रुतलाय तळहातात.

सर : तो नवसाबाईंकडे दे. जपून ठेवा म्हणावं, पुढे दाखवायला लागेल. टेस्ट झाली की दोघी रिक्षाने माझ्याकडे या, जेलरोडला. आज त्या घरात परत जायचं नाही. कपडे आणायलाही नाही.

सृष्टी : आई काय म्हणेल?

सर : आईशी मी बोलतो. तोच लॅपटॉप उघडून दाखवतो तिला, एकेक कळ. त्याने काय काय फिरवलं ते. मला समजावता येतं, सृष्टी. आयुष्यभर तेच केलं. त्यालाही मीच शिकवलं. ते आता राहू दे. वाजले किती?

सृष्टी : मावशी म्हणतेय, चारला थोडंच कमी आहे. फोनवरून इंटरनेट जोडलंय. लिंक उघडतेय, सर.

नवसाबाई : पाणी पी आधी. गूळ देऊ का?

सर : 'जे' दाब, बेटा.

सृष्टी : 'जे.' 'जे'च म्हणाली, सर.

सर : 'के'?

सृष्टी : 'के.'

सर : आता वर्ग सुरू करायच्या आधी नेहमीचं. खोलीत कोण कोण आहे? नावं सांगा.

नवसाबाई : मी नवसाबाई हाय. ओट्यापाशी.

सृष्टी : मी सृष्टी. डब्यापाशी.

सर : अजून?

सृष्टी : थांबा... दारापलीकडे बोट मोडल्याचा आवाज आला.

सर : सृष्टी?

सृष्टी : कोणीतरी आलंय, सर. नाव सांगत नाही.